यजमान बसला तेव्हा किती वाजले होते

१

विदोयेला आणलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. आधी घड्याळ बघायचं, मग माणूस, ही माझी अकरा वर्षांची सवय. लोकांना ती निर्दयी वाटते. वाटू दे.

नोव्हेंबरची आठ तारीख, मित्रोव्दानचा सण. आमच्या मोरावा नदीकाठी त्या दिवशी दर तिसऱ्या घरी स्लावा असते. घराण्याच्या संताचा दिवस. दारं सताड उघडी, जो येईल तो पाहुणा. संध्याकाळ झाली की आमच्या तातडीच्या विभागात पोट बिघडलेले आणि पायऱ्यांवरून घसरलेले लोक येत राहतात. म्हणून दारावरचा शिपाई हसत म्हणाला, "स्मिल्या सिस्टर, आणखी एक झिंगलेला आलाय बघा."

झिंगलेला नव्हता. साठीचा उंचापुरा माणूस, पांढरा इस्त्रीचा शर्ट. चाकाच्या खुर्चीबाहेर उजवा हात लोंबत होता आणि तोंडाची उजवी कड खाली ओघळली होती. "नाव काय तुमचं?" मी विचारलं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, ओठ हलवले, पण शब्द काही आला नाही.

गळ्याभोवती लाल लोकरी मफलर घट्ट गुंडाळला होता. तो सोडवायला वाकले तेव्हा राकियाचा वास आला, घरी गाळलेल्या प्लमच्या दारूचा. मला जरा विचित्र वाटलं, कारण वास तोंडाला नव्हता. उजव्या गालाला होता.

सव्वासहाला डॉक्टर रेल्या मेंदूचा फोटो घेऊन बाहेर आले. बेलग्रेडचा पोरगेलासा डॉक्टर, हुशार, आणि घाबरला की चष्मा पुसणारा. "रक्तस्राव नाही. डावीकडच्या नसेत गुठळी आहे. स्मिल्या ताई, वेळ काय सांगतायत घरचे?"

आमचं सगळं त्या एका प्रश्नावर चालतं. नस तुंबली की तिच्या मधोमधचा मेंदू लगेच जातो, तो कुणालाच परत आणता येत नाही. पण त्याच्या भोवतीचा बराच भाग उपाशी असतो, बधिर असतो, आणि जिवंत असतो. गुठळी विरघळवणारं औषध वेळेत दिलं तर तो वाचतो. वेळ म्हणजे साडेचार तास. त्यानंतर दिलं तर नस मोकळी होण्याऐवजी आतल्या आत रक्त फुटण्याची भीती फार. आणि वाट बघावी, तर मिनिटाला वीस लाख पेशी जातात.

मी बाहेरच्या बाकाकडे गेले. तिघं होती. बायको रादोय्का, हातात अजून स्वयंपाकघरातला टॉवेल. सून दुन्या, लग्नाला वर्षही झालं नसावं. नवरा ट्रक घेऊन परदेशी गेलेला. आणि तिहोमिर, त्यांचा कूम. लग्नात साक्षीला उभा राहिलेला माणूस, आमच्याकडे सख्ख्या भावाहून जवळचा.

"यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?"

"पाच वाजता," रादोय्का म्हणाली. "टेबलाच्या टोकाशी बसले होते, हसत होते, ग्लासला ग्लास लावला."

"पाच वाजता," तिहोमिर म्हणाला. "टेबलाच्या टोकाशी बसला होता. हसत होता. माझ्या ग्लासला ग्लास लावला त्याने."

दुन्याने आधी कूमकडे पाहिलं. "पाच वाजता. टोकाशी बसले होते... ग्लास लावला."

"पाच!" रेल्या माझ्या मागेच उभे होते. "म्हणजे सव्वा तास. भरपूर वेळ आहे. भरा औषध."

सहा अठराला सिरिंज भरून तयार होती. सुई टोचायला माझा हात पुढे झाला आणि तिथेच थांबला.

"नको देऊ या, डॉक्टर," मी म्हणाले. "ही माणसं खोटं बोलतायत."

२

रेल्यांनी चष्मा काढला. "पुरावा?"

"तो बसला होता म्हणतायत."

"मग?"

"स्लावेच्या दिवशी यजमान बसत नाही. पाहुणे जेवत असेपर्यंत तो उभा राहून वाढतो. सकाळपासून शेवटचा पाहुणा जाईपर्यंत."

"आमचे बाबा तर बसतात. बसून टीव्हीसुद्धा बघतात."

"तुमच्याकडे, बेलग्रेडला. इथे आमच्याकडे माझे सासरे पायात सळई घातलेली असताना आठ तास उभे होते. बसले असते तर गावाने वर्षभर नावं ठेवली असती. हा माणूस घर पाहुण्यांनी भरलेलं असताना टेबलाशी बसला, याचा अर्थ त्याला उभं राहता येत नव्हतं. पाच वाजता तो धडधाकट नव्हताच."

"मग कधीपर्यंत होता?"

"ते विचारूनच येते."

"ताई, मिनिटाला वीस लाख पेशी..."

"ठाऊक आहे मला." माझा आवाज चढला असावा, कारण शिपायाने वळून पाहिलं. मला स्वतःला राग वगैरे काही जाणवला नाही. मला बरेच दिवस तसं काही जाणवत नाही.

मी रादोय्काच्या शेजारी उभी राहिले. बसले नाही, पेशंटच्या माणसांजवळ मी बसत नाही.

"बाई, छान झाली का स्लावा?"

"झाली हो. तीस पानं उठली."

"आणि यजमान किती वेळ बसले होते?"

टॉवेल पिळणारे तिचे हात थांबले. ती कूमकडे बघणार तेवढ्यात मी मध्ये आले.

"त्याच्याकडे नका बघू. गालाला राकिया कुणी चोळली?"

"मी." आवाज कसाबसा निघाला.

"मफलर?"

"मीच."

"का?"

"वारा लागला होता हो त्यांना!" ती एकदम रडायलाच लागली. "खोलीत चूल पेटलेली, तीस माणसं, सिगारेटचा धूर. कुणीतरी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि पुढचं दार तर उघडंच. हे बरोब्बर दोन्हींच्या मध्ये उभे. आणि तोंड वाकडं झालं. सगळं टेबल म्हणालं, प्रोमाया लागली, प्रोमाया! शेजारच्या म्हातारीने सांगितलं, गाल शेक, गळा झाक, उतरेल तासाभरात. मी बसवलं त्यांना. पाहुणे होते ना, सिस्टर. भरल्या टेबलावरून यजमानाला कुठे घेऊन जाऊ?"

हसावं अशी ही गोष्ट नाही. दोन खिडक्यांमधून वाहणारा वारा तोंड वाकडं करतो, यावर आमच्याकडे लहानथोर, शिकलेले-न शिकलेले सगळ्यांचा विश्वास. मी चौतीस वर्षं नर्स आहे, आणि आजही बसमध्ये समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की पहिल्यांदा मान झाकते.

"किती वाजता वाकडं झालं?"

"अडीच... अडीचच्या सुमाराला. खरंच अडीच!"

"मघाशी खरंच पाच होते," मी म्हणाले.

घड्याळात सहा तेवीस.

३

तिहोमिर मशीनजवळ कॉफीचा कागदी कप चुरगाळत उभा होता. गाडी शिकवायचा धंदा त्याचा, त्यामुळे आवाज सवयीनेच वरच्या पट्टीतला.

"आता काय चौकशी मांडलीय? औषध द्या ना त्याला! कसली नर्स तुम्ही?"

"पाच वाजता असं सांगायला तुम्ही शिकवलंत. गाडीत."

"शिकवलं! मग?" तो माझ्या अंगावर आल्यासारखा पुढे आला. "मागल्या वर्षी माझ्या आईला आणलं होतं, इथे नाही, दुसरीकडे. मी शहाण्यासारखं खरं सांगितलं. सकाळी आठ वाजता पडली, दुपारी दोनला आणली. म्हणाले, उशीर झाला, साडेचार तास उलटले. आज ती एका डोळ्याने छताकडे बघत पडून असते, मला ओळखत नाही. खरं बोलून काय मिळालं मला, सांगा! म्हणून ठरवलं, या वेळी नाही. पाच म्हणजे पाच."

माझ्या जिभेवर एक गोष्ट आली होती, ती मी गिळली.

"विदोये नीट कधीपर्यंत होता?"

"अडीचपर्यंत. आईची शपथ."

"तुमच्या शपथेवर डॉक्टर सुई टोचणार नाहीत, आणि मी टोचू देणार नाही. एकदा घड्याळ खोटं सांगितलंत ना, आता तुमच्या तिघांच्या तोंडची वेळ आमच्या कामाची नाही."

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. "म्हणजे... मी..."

त्याला तिथेच सोडून मी दुन्याकडे वळले. ती बाकाच्या टोकाशी आक्रसून बसली होती.

"पोरी, पहिलीच स्लावा ना सासरची? फोटो काढले असशील."

तिने मोबाईल पुढे केला. एक वाजून दहा मिनिटं: विदोये टेबलाशी ताठ उभा, उजव्या हातात सुरी, स्लावेचा गोल पाव कापतोय. मागे मोठी मेणबत्ती. नंतर भाजलेलं डुक्कर, नंतर कुणाचं तरी बाळ, नंतर पुन्हा डुक्कर. मग दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं: सगळे हसतायत, आणि कोपऱ्यात, फोटोच्या कडेने अर्धा कापलेला, एक माणूस खुर्चीवर बसलाय. गळ्यात लाल मफलर.

"यांच्या मधला एखादा? बाबांचा?"

"नाही हो. मी बाळाचे काढत बसले." तिने माझी बाही धरली. "मावशी, मला ठाऊक होतं. माझ्या आजोबांना असंच झालं होतं. मी म्हणणार होते, पण मी घरात नवी, आणि टेबल सगळं म्हणत होतं वारा लागला. मी काय बोलू?"

मोबाईल घेऊन मी रेल्यांकडे आले. त्यांनी दोन्ही फोटो पाहिले, बोटांवर तास मोजले, आणि चष्मा पुसायलाही विसरले.

"दोन एक्केचाळीसला आजारी. शेवटचा धडधाकट, पुरावा आहे तो एक दहाचा. पाच तासांच्या वर झालं, ताई. मला नाही देता येणार. निशच्या मोठ्या हॉस्पिटलला विचारलंय, नसेतून तार घालून गुठळी काढतात तिथे. पण रस्ता बर्फाचा, दोन तास लागतील. तोवर हा भोवतीचा भाग..." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

विदोये आमच्याकडे बघत होता. त्याला सगळं कळत होतं असं मला वाटलं. सहा एकतीस.

४

मला हवा होता असा कुणीतरी, ज्याने एक दहानंतर विदोयेला पाहिलंय आणि जो त्या गाडीत नव्हता. टेबलावरचे तीस जण? सगळ्यांनी एकसारखी प्यायलेली. त्यांच्यातल्या कुणाच्या घड्याळावर विसंबायचं?

मग माझं मलाच लक्षात आलं की मी आलेल्यांचा विचार करतेय.

"रादोय्का बाई, स्लावेला कोण आलं नाही?"

"कोण आलं नाही?"

"दरवर्षी येणारं, पण आज न आलेलं?"

"ओब्राद. यांचा धाकटा भाऊ. व्हिएन्नात असतो. सुट्टी मिळाली नाही."

"मग फोन केला असेल."

"हो तर! भाऊ स्लावेला आला नाही तर फोन करतोच, नाहीतर हे जन्मभर बोलणार नाहीत. यांच्याच मोबाईलवर आला होता."

मोबाईल विदोयेच्या खुर्चीवर टाकलेल्या कोटाच्या आतल्या खिशात सापडला. कुलूपबंद, अंगठा लावल्याशिवाय उघडत नव्हता. डाव्या अंगठ्याने उघडला नाही. मी त्याचा उजवा हात उचलला. लोंबणारा हात फार जड असतो. मी अंगठा काचेवर टेकवला, आणि त्या बधिर अंगठ्याने मोबाईल उघडला. मागून रादोय्काने घाबऱ्या आवाजात विचारलं, "मेला का हो तो हात?"

"बधिर आहे. मेलेला नाही. त्या दोन्हींत फरक आहे म्हणूनच आमची नोकरी आहे."

आलेला व्हिडिओ कॉल, ओब्राद. दोन वाजून चार मिनिटांनी. बोलणं सतरा मिनिटं. मी तोच नंबर लावला आणि आवाज मोठा करून रेल्यांसमोर धरला.

"काय रे, आणखी भांडायचं राहिलं होतं का?" पलीकडून हसणं आलं.

"मी सिस्टर स्मिल्या, हॉस्पिटलमधून. आधी उत्तरं द्या, प्रश्न नंतर विचारा. दुपारी भावाशी काय बोललात?"

"हॉस्पि... काय झालं त्याला?"

"उत्तर द्या!"

"बोललो कसला, ऐकून घेतलं! वडिलांच्या प्लमच्या बागेवरून सतरा मिनिटं धारेवर धरलं मला."

"शब्द अडखळत होते? वाक्यं तुटत होती?"

"त्याचं वाक्य तुटलं असतं तर मला मध्ये बोलायला मिळालं असतं, बाई."

"चेहरा दिसत होता?"

"दिसत होता. चांगला लालबुंद."

"मोबाईल कुठल्या हातात होता?"

"ते मला काय... थांबा. डाव्या. कारण उजव्या हाताचं बोट माझ्या नाकासमोर नाचवत होता, शेवटपर्यंत. ठेवतानासुद्धा दमच देऊन ठेवला."

"बसून बोलत होते?"

ओब्राद दुखावल्यासारखा म्हणाला, "स्लावेच्या दिवशी? तुम्ही आमच्याकडच्याच ना?"

मी रेल्यांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हिशोब करत होते. दोन चार अधिक सतरा, दोन एकवीस. अधिक साडेचार तास, सहा एक्कावन्न. घड्याळात सहा एकोणचाळीस.

"द्या," ते म्हणाले.

सहा चव्वेचाळीसला औषध गेलं. तिहोमिर दाराच्या काचेला कपाळ टेकवून उभा होता. मी बाहेर आले तशी तो मला म्हणाला, "म्हणजे खरं सांगितलं असतं, तरी वेळ होती?"

"होती. दारातच खरं सांगितलं असतंत तर सव्वीस मिनिटं आधी गेलं असतं."

तो खाली बसला, सरळ फरशीवर. मला त्याला आणखी काही सुनवायचं नव्हतं. सव्वीस मिनिटं त्याच्या खोट्याने खाल्ली तशी माझ्या संशयानेही खाल्ली. मी गप्प बसले असते, तर त्याच्या खोट्या पाचावर विदोयेला सहा अठरालाच औषध मिळालं असतं, आणि नेमकं तेच बरोबर ठरलं असतं. सव्वीस मिनिटं गुणिले वीस लाख. पाच कोटी वीस लाख पेशी. मी हा गुणाकार तिथल्या तिथे केला आणि काही वाटतंय का याची वाट पाहिली. वाटलं नाही.

५

पाचव्या दिवशी वॉर्डात गेले, सकाळचे साडेदहा. विदोयेचा उजवा हात उचलला जात होता, कोपरापासून वर. बोटं अजून आळशी. शब्द चार आले होते. त्यातले दोन ओब्रादसाठी राखून ठेवले होते आणि ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

रादोय्का खिडकीशी उभी होती. खिडकी अर्थातच घट्ट बंद. तिने मला कोपऱ्यात ओढलं.

"सिस्टर, एक विचारू? आम्ही तिघं एकच सांगत होतो. डॉक्टरांनी मानलं. तुम्हालाच कसा संशय आला? नुसत्या त्या बसण्यावरून?"

"बसण्यावरून खात्री पटली. संशय आधीच आला होता. तुम्ही वेळ फार पटकन सांगितलीत. खरं बोलणारा माणूस आठवतो, चाचपडतो. पटकन सांगतो तो ठरवून आलेला असतो."

"हे कुठे शिकलात?"

बाहेर ट्रॉली गेली. मी दार लोटून घेतलं. तिहोमिरजवळ गिळलेली गोष्ट अजून तिथेच होती, आणि अकरा वर्षांत ती मी कुणाला सांगितली नव्हती.

"माझा नवरा, मिलुन. सकाळी सहाला उठले तर शेजारी तसाच पडलेला, अर्धं अंग गेलेलं. इथेच आणला. मी इथलीच नर्स, नियम मला पाठ. त्यांनी विचारलं, शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत. मी पटकन सांगितलं, चार वाजता. पाणी प्यायला उठला होता, माझ्याशी बोलला." मी मफलरच्या लाल रंगाकडे बघत होते, तो खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. "चार वाजता मी झोपले होते, रादोय्का बाई. तो कधी पडला, मला ठाऊकच नाही. त्यांनी माझ्या शब्दावर औषध दिलं. आतून रक्त फुटलं. तिसऱ्या दिवशी गेला."

"अगं बाई," ती इतकंच म्हणाली.

"औषध दिलं नसतं तरी गेला असता कदाचित. तेही ठाऊक नाही. मला तेव्हा रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. मी रोज दारात उभी राहते आणि लोकांना वेळ विचारते, बस."

ती माझी समजूत घालेल, देवाची इच्छा वगैरे म्हणेल, याची मी तयारी ठेवली होती. तिने तसलं काही केलं नाही. पिशवीतून रुमालात बांधलेला अक्रोडाचा केक काढला, स्लावेचा, पाच दिवसांचा. "उरला होता. तुमच्यासाठी ठेवला. बसा."

"मी पेशंटच्या खोलीत बसत नाही."

"बघा तरी त्यांच्याकडे."

मी वळले. विदोये पलंगावरून पाय खाली सोडत होता. मी धावले, तर त्याने डाव्या हाताने मला बाजूला सारलं, कठडा धरला, आणि इंचाइंचाने, गुडघे लटपटत, उभा राहिला. मग उजवा हात वर आला. आळशी बोटांनी त्याने केकची बशी माझ्या दिशेने ढकलली. ती टेबलावर चार बोटं सरकली. तोंडाची कड अजून थोडी खाली होती. त्यातून पाचवा शब्द आला.

"घ्या."

"पाहुणी आली ना घरात," रादोय्का डोळे टिपत म्हणाली. "आता तुम्ही खाऊन होईपर्यंत ते काही बसायचे नाहीत. खा लवकर, नाहीतर पडतील."

मी खुर्ची ओढली आणि बसले. केक कोरडा झाला होता. दुसरा घास घेताना कळलं की आपण रडतोय. माझे गाल ओले झाले होते आणि मी रुमाल शोधत होते, आणि तो माणूस कठडा धरून समोर उभा होता. किती वेळ, ते सांगता येणार नाही. घड्याळ माझ्या पाठीमागे होतं.